रंग सोडले, रेषा धरून ठेवली

बारावीचा निकाल लागला की माझ्यासमोर बसलेल्या पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मुलगा हुशार आहे हो, पण बुजरा आहे. बीबीए करून पुढे एमबीए म्हणतोय. त्या क्षेत्रात पुढे पुढे करावं लागतं. त्याला झेपेल का?" मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. मग मी त्याला विचारते, "तुला काय येत नाही?" ज्याला याचं नेमकं उत्तर देता येतं, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही.

अशा वेळी मला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. जन्म १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची ओढ म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या जिवाला हे किती लागलं असेल! जिद्दीच्या नावाखाली रंग घोटत बसता आलं असतं, किंवा सगळंच सोडून गावी परतता आलं असतं. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरून ठेवली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नाहीत, हे ओळखून ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र काढलं, पुढे लोखंडी नांगर.

या गोष्टीचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. नम्र माणूस म्हणजे पहिल्या नकारालाच मान डोलावणारा, अशी आपली कल्पना असते. मग लक्ष्मणराव नांगराचा नाद सोडून मोकळे का झाले नाहीत? डोळ्यांची मर्यादा सरावाने जाणारी नव्हती. नांगराविषयीची भीती मात्र जाणारी होती. हा फरक त्यांना कळला. स्वतःचं प्रामाणिक मोजमाप म्हणजे माझ्या मते हेच: कुठे थांबायचं आणि कुठे चिकटून राहायचं, याचा निवाडा. न्यूनगंड असलेल्या मुलाला हा निवाडा करता येत नाही, कारण त्याला सगळीकडेच थांबावंसं वाटतं.

१९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी ही त्यांच्या कारखान्याची वसाहत उभी राहिली. निवडुंग आणि सापांची ती जागा. तिथे लक्ष्मणरावांनी सगळ्या कामांत स्वतःच लुडबुड केली नाही. वसाहतीची व्यवस्था थोरले बंधू रामुअण्णांकडे, विक्री के. के. कुलकर्ण्यांकडे, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. आपल्याला काय येत नाही हे मान्य केलं की ते येणारा माणूस शोधता येतो, आणि त्याच्या हाती काम सोपवताना कमीपणा वाटत नाही. पुढारीपण करू पाहणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण महाविद्यालयातल्या महोत्सवाची समिती बहुतेक वेळा एकाच पोराच्या 'मीच करतो'पायी कोलमडते.

आणि चूक झाली तर? गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी १९९३ मध्ये डेक्स्टर नावाची बूट बनवणारी कंपनी सुमारे ४३ कोटी डॉलरना घेतली, तीही स्वतःच्या बर्कशायर कंपनीचे शेअर देऊन. परदेशी मालापुढे ती काही वर्षांतच टिकेनाशी झाली. २००७ च्या भागधारक-पत्रात बफेंनी हा आपला सर्वांत वाईट सौदा असल्याचं लिहिलं. एवढ्यावर न थांबता, दिलेल्या शेअरची किंमत पुढे किती वाढली ते धरून नुकसान साडेतीन अब्ज डॉलरचं आहे, असा हिशेब त्यांनीच मांडला. चूक लहान करून दाखवायची सोय असताना ती पूर्ण आकारात दाखवली. अशा माणसाच्या बाकीच्या आकड्यांवर लोक विश्वास ठेवतात.

एमबीएच्या मुलाखतीत "तुमच्यातली उणीव सांगा" असं विचारतात, तेव्हा बहुतेक मुलं पाठ केलेलं उत्तर देतात: "मी कामात फार काटेकोर आहे." समोरच्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. खरी उणीव सांगा. ती कधी लक्षात आली, तिच्यामुळे काय बिघडलं आणि त्यावर तुम्ही काय केलं, हे चार वाक्यांत. दोषांची यादी मात्र वाचू नका, मुलाखत हा कबुलीजबाब नव्हे.

स्वतःला असं मोजायची सवय मुलाखतीच्या आदल्या रात्री लागत नाही. व्यवस्थापनाचे जाणकार पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या एका लेखात साधा उपाय सांगितला होता: महत्त्वाचा निर्णय घेताना काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि ९ ते १२ महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहा. शाळकरी मुलांना एवढं थांबायला नको. पूर्वपरीक्षेआधी एका वहीत प्रत्येक विषयापुढे अपेक्षित गुण लिहा, निकालानंतर शेजारी खरे गुण. दोन-तीन परीक्षांत दिसू लागेल की गणितात आपण नेहमी जास्त धरतो, भाषेत कमी. पुढच्या रकान्यात कारण लिहा. तिथे दर वेळी 'पेपर अवघड होता' एवढंच येत असेल, तर त्याबद्दल मुलाबरोबर शांतपणे बोलायची वेळ आली आहे.

पालकांनो, ती वही उघडली जाईल तेव्हा ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या पानावर मूल तुम्हाला आवडेल तोच आकडा लिहील. आणि तुमचंही एक पान त्याच वहीत असू द्या. 'सायन्स घेतलं तरच हिचं भलं होईल' असं ठामपणे वाटत असेल, तर आजची तारीख टाकून तसं लिहा. वर्षभराने लेकीला शेजारी बसवून दोघं मिळून ते वाचा.