खालच्या थरातल्या पोराला

अमळनेर

सोनू,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणून ठेवून देशील आणि माझ्या पोटातलं पोटातच राहील. म्हणून लिहितोय. आईसमोर वाचू नकोस.

परवा आक्काचा फोन आला. तुझी जिमची बॅग धुवायला काढली, तर आतल्या कप्प्यात काचेची बारकी कुपी निघाली. तिला वाटलं, तापाबिपाचं औषध असेल. इंग्रजी तिला वाचता येत नाही, अक्षरं मात्र ओळखते. तिने एकेक अक्षर सांगितलं आणि मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं: टी, ई, एस, टी... कागद फाडून मेडिकलवाल्याकडे गेलो. त्याने आधी विचारलं, कोणाला पाहिजे? म्हटलं, कोणालाच नको, नुसतं सांगा. त्याने सांगितलं. घरी आल्यावर आक्काला फोनवर म्हणालो, ताकदीचं औषध आहे, घाबरू नको. सख्ख्या बहिणीशी खोटं बोलायची पाळी तू माझ्यावर आणलीस, सोनू.

तू सुई घेतोस का? मला एवढंच कळायला हवं.

चैत्रात तू इथे आलास तेव्हा तुझ्या पाठीवर, खांद्यांवर मोठे मोठे फोड उठलेले पाहिले होते. सुरतेचा उन्हाळा, घाम, म्हणून सोडून दिलं. आता रात्री तेच डोळ्यांपुढे येतं. मेडिकलवाला म्हणाला, बाहेरून हे हार्मोन आत गेलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. पुढे लग्न होतं, कधी मूल होत नाही, आणि लोक बायकोला बोलतात. रक्त घट्ट होतं, हृदयाची भिंत जाड होते. हे चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. मग तुला कोण देतं? जिममधला तो सरच ना? आणि सुई तरी प्रत्येकाची वेगळी असते का रे? एका सुईने चार जणांनी घेतली तर कावीळ, एड्स, काय काय येतं ते तुला मी सांगायला नको. तुझे वडील रातपाळी करून तुला शिकवतात. त्यांच्या घामाच्या पैशाने तू हे विकत घेतोस, हे लिहिताना माझा हात थरथरतो.

तू जिममध्ये कशासाठी गेला होतास, आठवतं? गोकुळाष्टमीच्या मटकीफोडसाठी. लिंबायतच्या पथकात तुला खालच्या थरात घेतलं होतं. पथकाचा दादा म्हणाला, पोरगा उंच आहे, पण मांड्या कच्च्या आहेत. म्हणून तू बैठका मारायला लागलास. पहिल्या वर्षी भागळच्या चौकात तुमचा थर उभा राहिला तेव्हा मी गर्दीत होतो. टीव्हीवाले वरच्या पोराकडे बघत होते, मी तुझ्याकडे. मान खाली, शेजाऱ्याच्या खांद्यात रुतलेली बोटं, कानामागून वाहणारं पाणी, आणि पायाची एक शीर सारखी उडत होती. तू हलला नाहीस. तुझा एकही फोटो निघाला नाही त्या दिवशी. माझ्या लेखी ते तुझं सगळ्यात देखणं रूप होतं.

यंदा तू सरावालाच जात नाहीस म्हणे. खांद्यावर पाय पडले की शेप बिघडतो, असं म्हणालास. हे शब्द तुझे नाहीत, त्या आरशासमोरच्या पोरांचे आहेत.

अंग कशासाठी कमवायचं ते सांगतो. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी सुरत शहरात शिरली, तेव्हा तू कडेवर होतास. आम्ही खो-खोची जुनी पोरं अडाजणला गेलो. इमारतींत वीज नाही, लिफ्ट बंद, म्हातारी माणसं चौथ्या-पाचव्या मजल्यावर अडकलेली. पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन जिने चढलो. लूमवर उभं राहून माझी कंबर गेली होती, तरी पाय चालले. शाळेत कमावलेले पाय होते ते.

खो-खो तुला मी नीट कधी सांगितलाच नाही. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आम्ही. आठ जण पाटीवर उकिडवे बसायचे, एक इकडे तोंड करून, दुसरा तिकडे. पाठलाग करणारा नववा. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठायचं. तोवर नुसतं बसायचं, पण सगळं अंग कान करून. त्या बसण्यात जी मजा होती ती मला पुढे कुठेच मिळाली नाही. आपली पाळी येणार आहे, आणि आपल्यावाचून बाकीच्या आठांचं अडणार आहे, हे अंगाला कळत असायचं.

सुरतेच्या शेजारच्या डांगात सरिता गायकवाड आधी खो-खोच खेळायची. मग धावायला लागली आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये चार गुणिले चारशेच्या रिलेत सुवर्ण आणलं. तेही चौघींत मिळून. डांगचीच ओपिना भिलार २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. डोंगरातल्या नाचणीवर वाढलेल्या पोरी या.

माझंही जिल्ह्याच्या संघात नाव आलं होतं. पण वडिलांनी लूमवर लावलं, बारा तासांची पाळी, संघ सुटला. त्यांना दोष देत नाही, घरात खाणारी तोंडं किती होती ते आक्काला विचार. पण रविवारी पोरं हाका मारायची तेव्हाही मी गेलो नाही. वाटायचं, संघातच नाही तर खेळायचं कशाला? आज साठी ओलांडल्यावर कळतं, संघात नसलो तरी संध्याकाळ तर माझी होती. ती हळहळ अजून जात नाही. तुझ्यात मला तेच दिसतं म्हणून इतकं टोचून लिहितो. तू दिसण्यासाठी खेळ सोडलास, मी संघात नाही म्हणून सोडला.

वजनं उचलू नकोस असं मी म्हणत नाही. उचल. अंडी खा, शेंगदाणे खा, डाळ खा, तुझ्या त्या पावडरीबद्दलही मी काही म्हणत नाही. फक्त सुई नको.

आणि घेत असशील तर एकट्याने बंदही करू नकोस. डॉक्टरांना विचारूनच करायचं. एकदम सोडलं तर मन फार खचतं म्हणतात. शरीर स्वतःचं बनवायला लागतं, पण वेळ घेतं. तेवढे महिने दंड थोडे उतरतील, तुला रडूही येईल. येऊ दे. तू चार वर्षांचा असताना उधना स्टेशनावर माझा हात सुटला म्हणून रडला होतास, तेव्हा कोणी तुला काही म्हणालं होतं का?

रागावून लिहायला बसलो होतो. आता राग उरला नाही, नुसती काळजी आहे. तू दंडाने केवढा आहेस याच्याशी मला काही घेणं नाही बाळा. तू मला हवा आहेस.

शुक्रवारी सकाळी गाडीने उधन्याला उतरतो. आपण दोघं सिव्हिलला जाऊ, रक्त तपासून घेऊ. डॉक्टरांशी तू बोल, मी बाहेर बाकावर बसेन. संध्याकाळी सरावाला मला घेऊन चल. दादाशी मी बोलतो, तो तुला परत घेईल. आईला फक्त मामा येतोय एवढंच सांग, आणि स्टेशनावर घ्यायला ये.

तुझा
मामा