सुरू होतानाच्या चिठ्ठ्या

अमरावती-अकोल्याच्या बाजारात माल नेणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. एक फळ्यावर खडूने लिहिलेला भाव, दुसरी हिशोबपट्टी. फळा उद्या पुसला जातो. हिशोबपट्टी आपण पेटीत जपून ठेवतो.

कॉम्प्युटरातही दोन जागा असतात. रॅम म्हणजे फळा. लाईट गेली की सारे पुसले जाते. डिस्क म्हणजे पेटी. तिच्यात ठेवलेले राहते.

कॉम्प्युटरच्या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स हा असाच एक कारभारी. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याचाच गाभा आहे. बटण दाबले की हा कारभारी एकेका प्रोग्रॅमला कामाला लावतो. कोण कामावर आला, त्याचा नंबर काय, याच्या लहान लहान चिठ्ठ्या तयार होतात. त्या कुठे ठेवाव्या?

तुम्ही म्हणाल, "कुठीबी ठेवा ना बाप्पा! काय फरक पडते?"

फरक पडतो. समजा, सेवा केंद्रात सातबारा छापणे चालू आहे. छपाईवाल्या प्रोग्रॅमची चिठ्ठी डिस्कवर आहे. तेवढ्यात लाईट गेली. लाईट आली, यंत्र पुन्हा सुरू झाले. कामावर कोणी नाही, पण कालची चिठ्ठी तशीच! ती पाहून छपाईवाला म्हणू शकतो, "एक जण हाये ना कामावर, मी कायले येऊ?" छपाई बंद, आणि माणसे रांगेत उभी.

पूर्वी या चिठ्ठ्या 'व्हार' नावाच्या कप्प्यात ठेवत. तो बहुधा डिस्कवरच असे. म्हणून यंत्र सुरू होताना जुन्या चिठ्ठ्या झाडून काढाव्या लागत. आणखी एक अडचण होती. काही यंत्रांत सर्वांत आधी उठणाऱ्या प्रोग्रॅमांना चिठ्ठी लिहायची घाई, आणि 'व्हार' अजून उघडलेलाच नसे. मग ते 'डेव्ह' नावाच्या कप्प्यात चिठ्ठ्या लपवून ठेवत. तो कप्पा यंत्राच्या अवजारांचा! वखर-डवऱ्याच्या खोलीत पिठाचा डबा ठेवावा, तसेच हे.

२०११ साली फेडोरा या लिनक्समध्ये 'रन' नावाचा नवा कप्पा आला. डेबियन वगैरेंनीही तो घेतला. २०१५ साली कप्प्यांच्या नियमांतही तो लिहिला गेला. 'रन' रॅममध्ये असतो. तो अगदी सुरुवातीला तयार होतो, आणि लाईट गेली की आपोआप पुसला जातो. यंत्र बंद करून चालू केले की कधी कधी ताळ्यावर येते, त्याचे एक कारण हेच.

पण रॅम थोडी असते. मोठ्या फाईली 'रन'मध्ये कोंबू नयेत. काय बिघडले याची नोंदही तिथेच ठेवून चालत नाही, कारण लाईट गेल्यावर तीच पाहावी लागते. म्हणून पुष्कळ यंत्रांत ती नोंद आधी 'रन'मध्ये लिहितात, आणि डिस्क उघडली की 'व्हार'मधल्या वहीत उतरवून घेतात.