पोथीतले बारीक किडे

प्रश्न : आजोबांच्या दंडारीच्या वह्या, पोथ्या पेटीत आहेत. पानांवर बारीक किडे दिसतात. कोणते असावेत?
— एक वाचक, सानगडी (जि. भंडारा)

उत्तर : आधी भिंग घ्या, औषध नंतर. फिकट, मऊ, मिलिमीटरभराचा, झटकन पळणारा किडा म्हणजे बहुधा पुस्तकी ऊ. ती मुख्यतः बुरशीवर जगते. तुमच्याकडच्या दमट पावसाळ्यात तिचं फावतंच. पेटी कोरडी ठेवा, ती जाईल.

गोल छिद्रं आणि भुकटी दिसली तर मात्र प्रकरण गंभीर. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा शोधा. पाठ गुळगुळीत, मिशा करवतीसारख्या असतील तर सिगारेट बीटल. पाठीवर बारीक रेघा असतील तर ड्रगस्टोअर बीटल. दोन्हींच्या अळ्या बांधणीतली खळ खात कागद पोखरतात. वही प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका. फवारा पानांवर नकोच.