बाप्तिस्म्यानंतर सांभाळायचे कोणी?

प्रश्न : नुकतीच लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचून झाली. नारायण वामन टिळक शिकलेसवरलेले, कवी म्हणून नावाजलेले; त्यांचे निभावले. पण त्या काळात एखादा हातावर पोट असलेला माणूस ख्रिस्ती झाला, तर पुढे त्याला आधार कोणाचा? आमच्या दिल्लीत असे काही घडले आहे का?
— एक वाचक, पहाडगंज, नवी दिल्ली

उत्तर : घडले आहे, आणि तेही तुमच्यापासून फार लांब नाही. अजमेरी गेट ओलांडून पूर्वेला गेलात की दर्यागंज लागते. तिथल्या चांभार वस्तीतल्या काही कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाप्तिस्मा घेतला. मात्र कातड्याचा धंदा, सोयरीक, मयतीला खांदा देणारी माणसे, सगळे बिरादरीतच राहिले होते. त्यामुळे लग्नकार्य कोणत्या रीतीने करायचे, यावरून ताण वाढत गेला. 1884 मध्ये पंचायत बसली. गंगाजल पुढे ठेवले गेले. जातीत राहायचे असेल त्याने ते हाती घेऊन शपथ घ्यायची. पुष्कळांनी घेतली, थोडे अडून राहिले. केंब्रिज मिशनचे जॉर्ज लेफ्रॉय यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

ख्रिस्ती झालेल्यांसाठी मिशनने वेगळी वस्तीही केली. तिथे राहायच्या अटी तीन : रविवारी काम बंद, जन्म-लग्न-मृत्यूचे संस्कार ख्रिस्ती रीतीने आणि चरस ओढायचा नाही.

महाराष्ट्रातही हाच पेच होता. बाप्तिस्मा घेतला की घर सुटायचे आणि वडिलार्जित इस्टेटीवर पाणी सोडावे लागायचे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडू नये, असा कायदा 1850 मध्ये आला. पण पंगतीत पान मांडायला कायदा कोणाला भाग पाडणार? मग नाशिकजवळ शरणपूर वसले, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले. अशा गावांत डोक्यावर छप्पर मिळाले, हाताला काम मिळाले, उपासनेला मंडळी मिळाली. पण त्याची किंमतही होती. माणूस मिशनच्या पगारावर विसंबला आणि जुन्या शेजाऱ्यांना कायमचा दुरावला.

ही खोच टिळकांना चांगलीच कळली होती. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार मोडल्यातच जमा झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या आल्या त्याही आपले सोवळेओवळे घेऊन. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने ठरवले आणि मगच 1900 च्या सुमारास बाप्तिस्मा घेतला. नवख्या माणसाला वेळ देणे हा केवढा मोठा आधार असतो, ते तुम्ही वाचलेल्या पुस्तकातच आहे.

टिळकांनी दुसरी गोष्ट केली ती उपासनेच्या बाबतीत. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांबरोबर त्यांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. ज्ञानोबा-तुकोबा ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे परके वाटू नये, ही त्यामागची तळमळ. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे : पहिल्या दिवसांत घर आणि भाकरी मिशनने पुरवली, आणि त्यांची गरज होतीच. पण माणूस उभा राहिला तो आपली भाषा, आपला वेळ आणि आपली माणसे जिथे शाबूत राहिली तिथे. यातले शेवटचे काम एकट्या चर्चचे नाही. तुमच्या ओळखीत कोणी ख्रिस्ती झाले असेल, तर यंदाही दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे पाठवा आणि नाताळला त्यांच्या घरी जेवायला जा.