किआंती: आधी घास, मग घोट

बाळा, फ्लॉरेन्सला शिकायला चालला आहेस, म्हणजे किआंतीशी तुझी गाठ पडणारच. माझी उमेदीची वर्षं त्या शहरात गेली. मी जिच्याकडे भाड्याने राहायचे त्या म्हातारीला सगळी गल्ली नोन्ना, म्हणजे आजी, म्हणायची. वाईनचं जे काही मला कळतं ते तिच्या स्वयंपाकघरात कळलं. तेच आता तुझ्या कानावर घालते.

एक गोष्ट आधी पक्की धर. किआंती नुसती पिऊ नकोस. रिकाम्या पोटी घोट घेतलास तर आंबट लागेल, हिरड्यांवर तुरट कोरड चढेल, आणि एवढं नाव कशाचं, असं वाटेल. ते सांजोवेझे नावाच्या द्राक्षाचं अंगचं वळण आहे. त्याला समोर खाणं लागतं. नोन्ना पावाची जाड काप निखाऱ्यावर भाजायची, गरम असतानाच तिच्यावर लसणाची पाकळी घासायची आणि वरून हिरव्यागार ऑलिव्ह तेलाची धार सोडायची. तिकडच्या पावात मीठ नसतं, म्हणून मीठ वरून चिमटीने. तो घास चावून गिळला की मगच घोट. तेलाच्या ओशटपणात तुरटपणा विरतो, आंबटपणाने तोंड स्वच्छ होतं आणि मागून आंबट चेरीचा वास वर येतो. एकदा असं करून बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. टोमॅटोच्या सॉसपुढे कितीतरी वाईन फिक्या पडतात, ही पडत नाही. मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, शेगडीवर भाजलेलं गोमांस, शिळा पाव नि पालेभाज्या घालून उकळलेलं रिबोलिता सूप, हे सगळे तिचे सोबती. आपण कोल्हापूरचे, तेव्हा तांबड्या रश्शाबरोबर घ्यायचा मोह होईल. तो टाळ. तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, मग रस्साही हातचा जातो आणि वाईनही.

दुकानात गेलास की बाटलीच्या मानेकडे बघ. तिथे काळा कोंबडा दिसला तर ती किआंती क्लासिको, म्हणजे फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या जुन्या टेकड्यांतली: राद्दा, गायोले, कास्तेल्लीना, ग्रेव्हे या गावांच्या आसपासची. नुसतं किआंती लिहिलं असेल तर ती भोवतालच्या बऱ्याच मोठ्या मुलखातली. तीही चांगली असू शकते, पण दोन्ही एक समजू नकोस. कोंबड्याची कथा तुला तिथे कुणीही सांगेल. दोन शहरांची हद्दीवरून भांडणं होती. ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून स्वार निघतील आणि भेटतील तिथे हद्द. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपल्या काळ्या कोंबड्याला उपाशी ठेवलं, तो उजाडायच्या आधीच ओरडला, आणि त्यांचा स्वार सिएनाच्या वेशीजवळ जाऊन पोचला. ही दंतकथा आहे, पण कोंबडा खरा: राद्दा, गायोले आणि कास्तेल्लीनाच्या जुन्या संघाची ती खूण. 1924 मध्ये राद्दाला 33 उत्पादकांनी आपला संघ काढला तेव्हा त्यांनी तीच खूण उचलली.

हद्दीचा हा हट्ट जुना आहे. 1716 मध्ये मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोने फर्मान काढून कुठल्या मुलखातल्या वाईनला किआंती म्हणायचं ते ठरवून दिलं. पुढे ब्रोलिओ किल्ल्याचा धनी बेत्तीनो रिकासोली याने मिश्रणाचा हिशेब मांडला. हा इटलीचा पंतप्रधानही झाला होता, पण नोन्ना त्याचं नाव घ्यायची ते 1872 च्या त्याच्या पत्रासाठी. सांजोवेझेने वास आणि जोम येतो, कानायोलो द्राक्षाने कडकपणा उतरतो, आणि माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष फक्त लवकर प्यायच्या वाईनमध्ये घालायचं, असं त्याने लिहिलं. लोकांनी द्राक्षांची नावं तेवढी लक्षात ठेवली, ती शेवटची अट विसरले. 1967 च्या सरकारी नियमाने तर पांढरी द्राक्षं दहा ते तीस टक्के घालणं सक्तीचं केलं. वाईन पातळ झाली, भाव पडला, नाव बिघडलं. आंतिनोरी घराण्याने 1971 ची तिन्यानेल्लो नावाची वाईन हा नियम न जुमानता केली आणि साधी टेबल वाईन म्हणून विकली. आज ती बाटली तुला परवडायची नाही. 2006 च्या हंगामापासून क्लासिकोमध्ये पांढरी द्राक्षं घालायला बंदीच आहे आणि सांजोवेझे किमान ऐंशी टक्के लागतं. म्हणून म्हणते, जुन्या परंपरेच्या गोष्टी कुणी सांगू लागला तर ऐक, पण कोणत्या सालची परंपरा, ते विचार.

गवताने विणलेली फुगीर बाटली दिसेल. तिच्या तळाला बैठक नसायची, म्हणून ते विणकाम. ते काम एम्पोलीकडच्या बायका घरी बसून, दारात खुर्ची टाकून करायच्या. नोन्नाची आई त्यांतलीच. पाणथळीतलं गवत वाळवून, भिजवून, तळापासून गोल वळवत मानेपर्यंत आणायचं आणि बोटं चिरत राहायची. पूर्वी बुचाऐवजी मानेत तेलाचा थर सोडायचे, हवा लागू नये म्हणून. अशी बाटली घे, पण विणकामासाठी घे. आतल्या वाईनची खात्री ते गवत देत नाही.

किआंती क्लासिकोचे वर्ग तीन: साधी, रिझेर्व्हा आणि ग्रान सेलेत्सिओने. साधी किमान बारा महिने मुरते, रिझेर्व्हा चोवीस, तिसरी तीस. तू विद्यार्थी आहेस, साधीच घे. रोजच्या जेवणाला तीच शोभते, आणि उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीही चालते. तिकडच्या उन्हाळ्यात खोली तापते. तेव्हा बाटली प्यायच्या आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेव. गरम किआंतीत नुसती दारू लागते. ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरू नकोस. बूच काढल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बाटली बुचामुळे बिघडलेली असते. न लाजता परत कर. दुकानदार ओळखतात.

जुन्या वाड्यांच्या भिंतींत हातभर उंचीची कमानदार खिडकी दिसेल, एक बाटली जाईल एवढीच. जमीनदार घराणी आपल्या मळ्यांतली वाईन तिथून थेट गिऱ्हाइकाला विकायची. सतराव्या शतकातल्या प्लेगात तर दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना शिवत नसत, सगळा व्यवहार त्या भोकातून चाले. शहराच्या मध्यभागात अशा शंभराच्या वर आहेत. त्या शोधत हिंड, शहर पायाखाली येईल.

आणि कास्चिने बागेच्या पार टोकाला जा, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते. आपल्या कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपचा प्रवास करून परतताना 1870 मध्ये फ्लॉरेन्सला वारले. त्यांना तिथेच, दोन नद्यांच्या संगमावर, अग्नी दिला. छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलालाही तिथल्या लोकांनी इंदियानो नाव दिलंय. तिथे बाटली नेऊ नकोस. फुलं ने.

मळे बघायला गेलास तर बसने जा किंवा न पिणारा सोबती घे, त्या टेकड्यांतले रस्ते वळणावळणाचे आहेत. सप्टेंबरच्या शेवटी, तोडणीच्या सुमाराला जा, पण न विचारता द्राक्ष तोडू नकोस. रानडुकरांनी आधीच पुष्कळ खाल्लेली असतात, मालक वैतागलेला असतो. आणि येताना दोन लिटरपर्यंत आणायची मुभा आहे, तेवढीच आण. तुझ्या बाबांसाठी रिझेर्व्हा नको, तो मुरवत ठेवणारा माणूस नाही. साधी आण, कपड्यांत गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत मधोमध. त्या दिवशी मटणात तिखट मी निम्मं घालीन.