उंचीचा फोटो नसतो गं

अगं, "ताई, ड्रोनची उंचीची फाइल लॅपटॉपला उघडवेना, जेपेग करून टाकू का?" हे तू काल विचारलंस आणि मी चहाचा कप खाली ठेवला. जेपेगच्या करड्या रंगात छटा 256. त्यात आपल्या मंद्रूपचा माळ आणि भीमेचा काठ कसा मावायचा? फोटोत थोडं इकडंतिकडं झालेलं डोळ्याला कळत नाही, पण पाण्याला वाट बदलायला वीतभर फरकही पुरतो.

नासाने 2000 साली शटलमधून मोजलेल्या उंचीचं ओझं कधीच होत नाही. आपलं गाव ज्या चौकोनात येतं त्यात 3601 गुणिले 3601 आकडे, सगळे पूर्ण मीटरमध्ये, प्रत्येकी दोन बाइट. सगळे मिळून 26 एमबी. ड्रोनची फाइल मात्र लिहिते 452.3187256. यातले शेवटचे आकडे म्हणजे नुसता गोंगाट, आणि गोंगाट दाबून फाइल लहान होत नाही. म्हणून आधी सेंटिमीटरवर आण.

इथेच माझी फजिती झाली होती. उंचीला शंभरने गुणलं आणि दोन बाइटांच्या साध्या पूर्णांकात भरलं. त्याची धाव 32767 पर्यंतच, आणि आपण साडेचारशे मीटरवर, म्हणजे 45000! नकाशा उघडला तर सगळं शिवार 327.67 मीटरवर, परातीसारखं सपाट. कोकणात हे खपलं असतं. तू ऋण चिन्ह नसलेला प्रकार घे, तो 65535 पर्यंत जातो.

मग फाइल जिओटिफ प्रकारात साठव, डिफ्लेट पद्धतीने दाबून, प्रेडिक्टर 2 लावून. प्रेडिक्टर शेजारच्या आकड्याशी असलेला फरकच लिहितो. आपल्या सपाट रानात तो शून्य, एक, दोन असाच, म्हणून छान दाबला जातो. दशांश ठेवलेसच तर प्रेडिक्टर 3. डिफ्लेटऐवजी झेडस्टँडर्ड चपळ आहे, पण जुन्या सॉफ्टवेअरला उघडत नाही. फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर नकोच.

आणि फाइलच्या आत 512 गुणिले 512 आकड्यांचे चौकोन कर. कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या असल्या की हवी तेवढीच ओढता येते, तसं.

मूळ फाइल पुसू नकोस. आपल्या विहिरीच्या कठड्याची उंची दोन्हींत बघ, नव्या आकड्याला शंभरने भागून. सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर रात्री कितीही वाजता फोन कर.