गोळीच्या पोटांतील पीठ

ताप आला म्हणजे डॉक्टरांनीं दिलेली पांढरी गोळी आपण पाण्याबरोबर गिळतों. ती सर्वस्वी औषधाचीच आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक अनेक गोळ्यांत औषधाबरोबर मका, बटाटा किंवा टॅपिओका यांपासून काढलेलें पिष्ट, म्हणजे स्टार्च, घातलेलें असतें. ही भेसळ नव्हे. या पिष्टाकडे कोणतीं कामें सोंपविलेलीं असतात, तें आम्ही येथें सांगतों.

पहिलें काम भरणीचें. थायरॉक्सिन या औषधाची मात्रा कित्येकदां अवघी ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग, असते. एवढासा कण चिमटींत कसा धरावा? अशा अल्प औषधांत निरुपद्रवी भुकटी मिसळावी, तेव्हांच हातीं धरण्याजोगी गोळी होते.

दुसरें काम बांधण्याचें. मक्याचें पिष्ट थंड पाण्यांत ढवळा. तें न विरघळतां कांहीं वेळानें तळाशीं बसेल. तेंच ढवळीत तापवा. त्याचे कण पाणी पिऊन फुगतील आणि चिकट खळ होईल. ही खळ औषधाच्या भुकटींत कालवून दाणे पाडतात, ते वाळवितात व यंत्राच्या साच्यांत दाबतात. भुकटी साच्यांत दाबून गोळी करण्याच्या युक्तीचें पेटंट विल्यम ब्रॉकडन या इंग्रज चित्रकारानें १८४३ सालीं घेतलें.

तिसरें काम याच्या अगदीं उलट, गोळी फोडण्याचें. दाबण्यापूर्वीं दाण्यांत थोडें कोरडें पिष्ट मिसळतात. पोटांत गेल्यावर तें पाणी आंत ओढून घेतें, फुगतें आणि गोळीचे तुकडे करतें. गोळी अखंडच राहिली, तर औषध घेऊनहि न घेतल्यासारखेंच! म्हणून वेष्टण नसलेली साधी गोळी ३७ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यांत १५ मिनिटांचे आंत फुटली पाहिजे, असा औषधकोशांचा सर्वसाधारण नियम आहे. एकच पीठ, शिजवून घातलें तर बांधतें, कोरडें घातलें तर सोडवितें.

पालकांसही आमची एक सूचना आहे. पिष्टाचा हा पाणी ओढण्याचा गुण गोळी घरांत पडून असतांनाहि जागा असतो. पावसाळ्यांतील दमट हवेंत उघडी राहिलेली गोळी मऊ पडून भुगा होऊं शकते. म्हणून ती मूळच्या वेष्टणांत, कोरड्या जागीं ठेवावी. तसेंच, गव्हाच्या पिष्टांत ग्लुटेनचा अंश राहूं शकतो. ज्यांस सिलिॲक रोग आहे त्यांनीं गोळींत कोणतें पिष्ट आहे, हें डॉक्टरांस अवश्य विचारावें.